चौदा पानं यशाची, एक पान गेलेल्यांचं

पत्र थोडक्यात

पत्र सांगली जिल्ह्यातून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ 56 वर्षांचे, साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क. 1986 च्या मार्चमध्ये त्यांच्या वर्गानं दहावीची परीक्षा दिली. वर्गात 58 जण, त्यांत 17 मुली. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप यांनीच सुरू केला आणि ॲडमिनही हेच आहेत.

जुलैमध्ये एका सकाळी ग्रुपवर बातमी आली की एका वर्गमैत्रिणीच्या मुलीची उपजिल्हाधिकारीपदी निवड झाली. अभिनंदनाचा पाऊस सुरू असतानाच दुसरी बातमी आली. वर्गातला एक मित्र, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करणारा, रात्री वारला होता. लगेच एका सदस्याचा फोन आला, “आजचा दिवस आनंदाचा आहे, हे उद्या टाकू.” यांनी तो संदेश काढून टाकला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः टाकला. खाली चाळीसेक हात जोडले गेले आणि अर्ध्या तासात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. महिन्याभरानं मित्राचा भाऊ एसटी स्टँडवर भेटला आणि म्हणाला, “तुमच्या ग्रुपला आमचा माणूस जड झाला व्हय?”

येत्या जानेवारीत चाळीस वर्षांनिमित्त मेळावा आहे. स्मरणिकेत मजकुराची 15 पानं आहेत. ‘आमचे यशवंत’ या विभागाला 14 रंगीत पानं, माणशी एक. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ला एक पान, त्यावर सात नावं. ते पान यांच्याकडे आलंय. सातही नावं यांनी कागद न बघता लिहून दिली. “प्रत्येकाबद्दल चार ओळी तरी लिहू,” असं सुचवल्यावर समितीनं विचारलं, “लिहिण्यासारखं काय आहे?” सातांपैकी एकानं समितीतल्या एकाचे उसने पैसे बुडवले होते. त्याचं नावसुद्धा नको, असा त्या सदस्याचा हट्ट आहे.

“भांडू, समिती सोडू, की नावं टाइप करून मोकळा होऊ? आणि ताई, खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काय आहे ते मलाही सांगता आलं नाही. यशवंतांत माझंही नाव नाही. बोललो तर जळतोय म्हणतील.”

उत्तर

नमस्कार दादा,

आधी जुलैतल्या त्या सकाळबद्दल बोलू. तुम्ही विचारलंय स्मरणिकेचं, पण मन अडकलंय त्या सकाळीपाशी.

संदेश काढलात तो एका मुलीच्या आनंदावर विरजण पडू नये म्हणून. हेतू वाईट नव्हता. पण फोन करणाऱ्यानं एक गोष्ट गृहीत धरली आणि तुम्हीही ती तशीच मान्य केलीत. आनंद आणि दुःख एका दिवशी एका जागी मावत नाहीत, ही ती गोष्ट. आपल्याकडे असं कधी होतं? ज्या घरात मयत झालंय त्याच्या दारावरून वरात जायची असेल तर बँडवाले वाद्यं खाली घेतात, वरात मुकाट्यानं पुढं सरकते आणि घर मागं पडलं की पुन्हा वाजवायला लागतात. त्यासाठी लग्न कुणी रद्द करत नाही, आणि मयत उद्यावर ढकला असंही कुणी सांगत नाही. ग्रुपवर त्या दिवशी तेवढंच करायचं होतं. बातमी राहू द्यायची आणि तासभर पेढ्यांचे फोटो थांबवायचे.

शिवाय जिच्या लेकीचं अभिनंदन चाललं होतं ती बाईही त्याच वर्गातली. तिला कुणी विचारलं होतं का? माझी खात्री आहे, तिनंच म्हटलं असतं की आधी त्याच्या घरी कोण जातंय ते बघा. दुसऱ्याला वाईट वाटेल असं आपणच ठरवायचं आणि त्याच्या नावानं गप्प बसायचं, हे आपल्या समाजात फार चालतं.

त्या चाळीस जोडलेल्या हातांवर मात्र माझा राग नाही. तुम्ही ‘चाळीस आयते हात’ असं लिहिलंय, त्यात कडवटपणा आहे. बहुतेकांना खरंच काय लिहावं ते कळत नाही. शाळेत शोकसभा झाली की दोन मिनिटं मान खाली घालून आपण उभे राहायचो आणि मग सुट्टी मिळाली म्हणून उड्या मारत घरी जायचो. त्यापुढं शोक व्यक्त करायला आपल्याला कुणी शिकवलंच नाही. केकचंही तसंच. ज्यानं टाकला त्यानं बहुधा वरचे संदेश पाहिलेच नसतील.

आता भावाचं. त्याच्या घरी जा. फोन नको, ग्रुपवर जाहीर माफीनामा तर मुळीच नको. तुम्हाला मोकळं वाटेल आणि त्या घराला आणखी चार अनोळखी लोकांसमोर उभं राहावं लागेल. वर्गातल्या एकाला सोबत घ्या आणि सरळ सांगा, “त्या दिवशी मेसेज मी काढला होता. तसं करायला नको होतं.” इतकंच. का काढला, कुणी सांगितलं, हे सांगत बसू नका. तो रागानं बोलला तर बोलू द्या.

“आता दिवसकार्य होऊन गेलं, आता काय जायचं,” असंही तुम्ही लिहिलंय. उलट हीच वेळ आहे. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुणी फिरकत नाही आणि नेमकी तेव्हाच बँकेची, तहसिलीची कामं बाईच्या अंगावर पडलेली असतात. तुमच्या यशवंतांच्या यादीत तहसील कार्यालयातला एक अव्वल कारकून आहे आणि जिल्हा बँकेतला एक शाखाधिकारी आहे, हे मी वाचलंय. त्यांना घेऊन जा. वर्गमित्राच्या पदाचा अभिमान वाटतो ना? मग ते पद या उंबऱ्यापर्यंत आणा.

कामं काय असतात ते इथं सांगते, म्हणजे इतर वाचकांनाही उपयोग होईल. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. बहुतेक ठिकाणी ती होते, पण दाखल्याच्या प्रती कमी घेतल्या जातात, त्या जास्तीच्या काढून ठेवा. मग पासबुक उघडा. वर्षातून एकदा 436 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, 20 रुपये दिसले तर सुरक्षा विमा. दोन्हींत रक्कम 2 लाखांची, पण पहिलीचं संरक्षण 55 वर्षांपर्यंतच असतं आणि दुसरी अपघाती मृत्यूसाठी आहे. कित्येक घरांना आपल्या माणसाचा असा विमा होता हेच माहीत नसतं, कारण बँकेत खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते. कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल आणि कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी 20,000 रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असलेल्या, 65 पेक्षा कमी वयाच्या विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून महिना 1,500 रुपये मिळतात. या दोन्हींचा अर्ज तहसिलीत. आणि तुमचा मित्र हमाल होता, म्हणून आणखी एक. त्याची माथाडी मंडळाकडे नोंदणी असेल तर भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी तिथं जमा असते. टोळीच्या मुकादमाला विचारा, त्याला नोंदणी क्रमांक माहीत असतो.

ग्रुपवर वर्गणी काढायची असेल तर जरूर काढा. फक्त पैसे ॲडमिनच्या खात्यात नकोत, थेट पत्नीच्या खात्यात जाऊ द्या, आणि कुणी किती दिले त्याची यादी ग्रुपवर फिरवू नका. पाचशे देणारा त्या यादीत पन्नास हजारवाल्याच्या खाली येतो आणि पुढच्या वेळी काहीच देत नाही.

आता स्मरणिका.

वर्ग 58 जणांचा. 14 यशवंत, सात दिवंगत. उरले 37. हे 37 जण स्मरणिकेत कुठंच नाहीत. त्यांना आत यायचं असेल तर समितीच्या हिशेबानं आधी मरावं लागेल! तुम्ही स्वतः त्या 37 मध्ये आहात. त्यामुळे ‘बोललो तर जळतोय म्हणतील’ ही भीती जरा बाजूला ठेवा. तुम्ही वर्गाच्या मोठ्या भागाच्या वतीनं बोलणार आहात.

ही मोजणी समितीनं नव्यानं शोधलेली नाही, ती शाळेतूनच आली आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत लाकडी फलक असतो. सालवार एक नाव, शालान्त परीक्षेत शाळेत पहिला आलेला विद्यार्थी आणि पुढं टक्के. आपल्या काळात बोर्ड गुणवत्ता यादी काढायचं आणि पेढा भरवणारे आईवडील दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झळकायचे. बोर्डानं ती यादी बंद करून बरीच वर्षं झाली, आपण मात्र अजून काढतोच आहोत. फक्त टक्क्यांच्या जागी पद आलं आणि आता तर पोराचं पॅकेज आलंय. (आईबापांच्या यशात मुलांचे पगार कधीपासून धरायला लागलो, हा एक वेगळाच विषय आहे.)

पण यशवंतांना खलनायक करू नका. ग्रामीण भागातल्या हायस्कुलात यशाला वजन असतं आणि ते असायलाच हवं. ज्या घरात आजोबांचा अंगठा होता त्या घरातली मुलगी उपजिल्हाधिकारी होते, ही सांगायचीच गोष्ट आहे. आत्ता आठवीत बसलेल्या पोरीनं ती वाचायलाच हवी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं, ते अशीच मुलं पुढं जावीत म्हणून. तुमच्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो असणार, आपल्याकडे असतोच. आता गंमत बघा. भाऊराव स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. त्यांच्या वर्गाचा मेळावा दहावी पास झालेल्यांपुरता ठेवला असता तर त्यांना निमंत्रणच गेलं नसतं. तुमचा ग्रुप ‘एसएससी 1986’ नावाचा आहे. नववीत शाळा सोडून मुंबईला गेलेला, मार्चला उडाला आणि ऑक्टोबरला बसलाच नाही असा कुणी त्या 58 मध्ये धरलाय का, हे एकदा तपासा.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग आता घेते. ‘लिहिण्यासारखं काय आहे’ याचं उत्तर देता आलं नाही, असं तुम्ही म्हणता. पण तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर कंसात एक ओळ आहे. दहावीचं परीक्षा केंद्र 9 किलोमीटरवर होतं, तुमच्याकडे सायकल नव्हती आणि हाच मित्र तुम्हाला प्रत्येक पेपरला डबलसीट नेऊन आणत होता. तो गणितात राहिला, तुम्ही पास झालात. हे तुम्ही कंसात लिहिलंय दादा. कंसाच्या बाहेर तुम्ही काय लिहिलंय? “हमाल होता, विशेष काही नाही.”

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल कोण काय सांगू शकतं याचा विचार करा. बायकोनं त्याला पंचविशीनंतर पाहिला. मुलांनी तर बाप म्हणूनच पाहिला. यार्डातल्या टोळीला त्याची पाठ आणि त्याचा शब्द ठाऊक. तेरा वर्षांचा तो कसा होता, मधल्या सुट्टीत काय करायचा, कोणत्या बाईंना घाबरायचा, हे त्याचे आईवडील गेले की जगात फक्त तुमच्या वर्गाला माहीत असतं. ते दुसऱ्या कुणाला लिहिताच येणार नाही. मग त्यानं पुढं काय कमावलं त्याची माहिती तुमच्यापाशी नाही म्हणून हात आखडता का घ्यायचा? ते घरच्यांना विचारून एका ओळीत टाका. उरलेल्या तीन ओळी तुमच्या आहेत.

भावाकडे जाताना दहावीचा ग्रुप फोटो घेऊन जा, निरोप समारंभाच्या दिवशी काढलेला, पुढच्या रांगेत खुर्च्यांवर सर आणि बाई बसलेल्या. त्यातला तो दाखवा आणि डबलसीटची गोष्ट पत्नीला सांगा. बऱ्याच घरांत नवऱ्याचा लग्नाआधीचा एकही फोटो नसतो. आणि कृपा करून त्या फोटोवर हार चढवू नका, ॲपनं त्याला हसायला-बोलायला लावू नका. हल्ली हे फार सुरू झालंय आणि घरच्यांना त्याचा भयंकर धक्का बसतो.

नमुन्यादाखल एक टिपण देते. नाव तुम्ही घाला.

“हजेरी क्रमांक 23. आठवीत आमच्या वर्गात आला. दहावीचं केंद्र 9 किलोमीटरवर होतं. माझ्याकडे सायकल नव्हती. प्रत्येक पेपरला यानं मला डबलसीट नेलं, परत आणलं आणि चढाला एकदाही उतर म्हणाला नाही. गणितात मार्चला राहिला. पुढं सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली केली. यंदाच्या जुलैत गेला. मागं पत्नी आणि मुलं आहेत.”

चढाची गोष्ट मी मनानं घातली आहे. तो उतर म्हणायचा असेल तर तसंच लिहा, उलट ते जास्त चांगलं. ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’, ‘सर्वांचा लाडका’ हे शब्द मात्र अख्ख्या पानावर एकदाही येऊ देऊ नका. ते सातही जणांना चालतात, म्हणजे एकालाही लागू नाहीत. मृत्यूचं कारण लिहायचं नाही. कुणी दारूनं गेला असेल, कुणी स्वतःला संपवलं असेल, गावाला माहीत असेल तरीही नाही. मजकूर छापण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा. त्यांनी एखादं वाक्य काढा म्हटलं तर काढा, नावच नको म्हटलं तर तेही ऐका.

उसन्या पैशांचं काय? ज्या सदस्याचे पैसे बुडाले त्याचा राग खरा आहे, त्याला मोठेपणाचे डोस पाजू नका. त्याला टिळक-आगरकरांची आठवण करून द्या. डेक्कन कॉलेजातले हे जिवलग मित्र. पुढं न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एकत्र आले. 1881 मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकरच. मग मतभेद इतके विकोपाला गेले की आगरकरांनी ‘केसरी’ सोडून ‘सुधारक’ काढला आणि 1890 मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोघांनी एकमेकांवर जहरी लिहिलं. 1895 च्या जूनमध्ये आगरकर गेले, जेमतेम 38 वर्षांचे. त्यांच्यावरचा मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनीच लिहिला. त्या सदस्यानं कर्ज माफ करावं असं माझं म्हणणं नाही. टिळकांनी तरी आपली मतं कुठं सोडली? पण वर्गाची नोंद आणि उधारीची वही या दोन वेगळ्या वह्या आहेत. त्याला म्हणावं, नाव राहील, तू त्या टिपणाला हात लावू नकोस. आणि तो तयार झालाच तर त्या मित्राबद्दलचं टिपण त्यालाच लिहायला सांगा. ज्याच्याशी भांडण झालं त्याच्याबद्दल माणसाला फार बारीकसारीक आठवत असतं.

मग भांडायचं, सोडायचं की गप्प राहायचं? समिती सोडू नका. तुम्ही सोडलीत तर सात नावं दोन रकान्यांत जातील आणि त्यात एखाद्याचं नाव चुकीचं छापलं जाईल. पानांवरूनही भांडू नका. ‘श्रद्धांजलीला चार पानं द्या’ म्हणालात की कुणाची चार पानं कापायची यावर बैठक फुटेल. त्याऐवजी दुसराच प्रस्ताव ठेवा. यशवंत आणि दिवंगत हे दोन्ही विभाग काढून टाका आणि अख्खी स्मरणिका हजेरीपटाच्या क्रमानं लावा. 58 जण, प्रत्येकाला पाव पान, साठ-सत्तर शब्द आणि ग्रुप फोटोतला चेहरा. चारप्रमाणे भागलं तर साडेचौदा पानं होतात, तुमच्या 15 पानांत चपखल बसतात. खर्च एक पैशानं वाढत नाही. उपजिल्हाधिकारी लेकीची आई, अमेरिकेतला इंजिनिअर, हमाल, काट्यावरचा क्लार्क, सगळे ज्या क्रमानं ‘हजर बाई’ म्हणायचे त्याच क्रमानं येतील. गेलेल्यांच्या नावापुढं साल घाला, वेगळी काळी चौकट नको.

देणगीदार नाराज होतील, हे समितीचं पहिलं वाक्य असेल. ते अगदीच खोटं नाही. छपाईचे पैसे कुठून तरी यायला हवेत. ज्यांना पानभर रंगीत फोटो हवाय त्यांनी ‘शुभेच्छुक’ म्हणून जाहिरातीचं पान घ्यावं. आपल्याकडे चौकाचौकात तेच चालतं, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. प्रस्ताव फेटाळला गेलाच, तर निदान श्रद्धांजलीच्या एका पानावर सात टिपणं प्रत्येकी चाळीस शब्दांत बसवा. तीनशे शब्द एका पानात सहज मावतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. ते पान तुमच्याकडे दिलंय ना?

ग्रुपसाठी एक छोटा नियम करून टाका. निधनाची बातमी घरच्यांपैकी कुणाशी तरी बोलून खात्री केल्याशिवाय टाकायची नाही. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिल्याचे प्रकार सगळीकडे होतात. खात्री झाली की मात्र लगेच टाकायची, दिवस कोणताही असो. बातमीत गाव, अंत्यविधीची वेळ आणि कोण जाणार आहे त्याचं नाव हवं. कुणी गेलं नाही तर आठवड्याच्या आत दोघं जण जातील, ती दोन नावं ॲडमिननं फोन करून ठरवायची, ग्रुपवर विचारून नव्हे. ग्रुपवर विचारलं की सगळे ‘नक्की जाऊ’ म्हणतात.

शेवटी तुमच्या यादीतली एक गोष्ट, जी तुमच्याही लक्षात आलेली दिसत नाही. सातही नावं मुलांची आहेत. वर्गात 17 मुली होत्या, त्यांतल्या ग्रुपवर पाच असं तुम्हीच लिहिलंय. बाकीच्या 12 जणींपैकी चाळीस वर्षांत एकही गेली नाही? बाळंतपणात नाही, आजारात नाही, कोविडमध्ये नाही? देव करो आणि तसंच असो. पण खरं बहुधा असं आहे की त्या आहेत की नाहीत हेच वर्गाला ठाऊक नाही. लग्नात आडनाव बदललं, कित्येकींचं पाळण्यातलं नावही बदललं. फेसबुकवर शोधून सापडत नाहीत, कारण तुम्ही ज्या नावानं शोधता त्या नावाची बाई आता कुणीच नाही.

त्यांना शोधायचा रस्ता माहेरावरून जातो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येकीचं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, गाव आणि जन्मतारीख असते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि फक्त नाव-गाव मागा, बाकी तपशील नकोत. मग त्या गावात भाऊ किंवा भावजय शोधा. परस्पर नंबर मागू नका, तुमचा नंबर देऊन या आणि ‘तिला वाटलं तर तिनं फोन करावा’ असा निरोप ठेवा. काहींना शाळेशी पुन्हा संबंध नको असेल, तोही मान राखायचा. हे काम ग्रुपवरच्या त्या पाच जणींनी केलं तर फार सोपं जाईल. भाऊबीजेला बहुतेकजणी माहेरी येतात, म्हणजे तोवर बारा घरांचे पत्ते हातात हवेत. दिवाळीची सुट्टी लागली की शाळेचं कार्यालय बंद होईल, तेव्हा अर्ज याच आठवड्यात द्या.